सॅमनच्या पिल्लांचा समुद्रातला पत्ता

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, ऑरेगॉन राज्यातल्या न्यूपोर्ट बंदरात बसणारे मत्स्यशास्त्रज्ञ 1998 पासून दर उन्हाळ्यात एक कंटाळवाणं वाटावं असं काम करत आले आहेत. बोट घेऊन ठरलेल्या ठिकाणी जायचं, तीस मीटर रुंद आणि वीस मीटर खोल तोंडाचं जाळं समुद्राच्या वरच्या थरातून ओढायचं आणि त्यात सॅमनची पिल्लं किती आली ते मोजायचं. मग पुढच्या ठिकाणी. पहिल्या दशकभराचे आकडे एकत्र मांडल्यावर दिसलं, की सुमारे 40 टक्के खेपांत एकही पिल्लू आलेलं नव्हतं आणि तोवर धरलेल्या एकूण पिल्लांपैकी निम्मी तर जेमतेम 5 टक्के खेपांत सापडली होती.

म्हणजे नकाशावर एकसारखा निळा दिसणारा हा समुद्र पिल्लांच्या हिशेबाने बहुतांशी ओसाड आहे. मधूनच कुठेतरी वस्ती लागते. ती वस्ती तिथेच का, आणि पुढच्या वर्षीही ती तिथेच असेल का, हा प्रश्न दिसतो तेवढा पुस्तकी नाही. पॅसिफिकच्या दोन्ही काठांवरच्या मासेमारीचं, धरणांवरून चालणाऱ्या भांडणांचं आणि तिथल्या मूळ रहिवासी जमातींच्या करारबद्ध हक्कांचं बरंच काही त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

आधी थोडी ओळख. मुंबईच्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणून विकतात, पण त्याचा या कुळाशी काही संबंध नाही. खरे पॅसिफिक सॅमन गोड्या पाण्यात, नदीतळाच्या खड्यांत जन्मतात, समुद्रात मोठे होतात आणि मरण्यापूर्वी अंडी घालायला पुन्हा जन्मनदीत येतात. चिनूक, कोहो, सॉकआय, चम आणि पिंक या त्यांच्या तिकडच्या मुख्य जाती, आणि त्यांचाच जवळचा नातलग स्टीलहेड. त्यांची एक मोठी नदी म्हणजे कॅनडात उगम पावून सुमारे 2000 किलोमीटर वाहत ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांच्या सीमेवर समुद्राला मिळणारी कोलंबिया. आयडाहोच्या डोंगरांत, समुद्रापासून चौदाशे किलोमीटर आत जन्मलेलं पिल्लूसुद्धा वाटेतली आठ धरणं ओलांडून तिच्याच मुखाशी येतं. तिथे पोचेपर्यंत त्याच्या शरीराची अंतर्गत व्यवस्था बदललेली असते. नदीत असताना क्षार धरून ठेवणारी कल्ल्यांतली यंत्रणा आता ते बाहेर टाकायला शिकलेली असते, अंगावरचे ठिपके जाऊन चंदेरी झाक आलेली असते. लांबी म्हणाल तर जेमतेम वीतभर.

नदीच्या माणसांचं लक्ष सारं इथवरच असतं. धरणं, कालवे, उबवणी केंद्रं, माशांसाठी बांधलेल्या शिड्या यांवर कोट्यवधी डॉलर खर्च होतात, कारण ते सगळं डोळ्यांसमोर असतं आणि त्यात माणसाला काही करता येतं. पण या माशाचं बहुतेक वजन समुद्रात वाढतं आणि बहुतेक मरणंही समुद्रातच होतात. कोलंबियाच्या वरच्या खोऱ्यातून निघालेल्या शंभर चिनूक पिल्लांपैकी दोन मोठी होऊन परतली तरी ते वर्ष वाईट म्हणता येत नाही. बाकीची कुठे राहिली, हे विचारायला शास्त्रज्ञांनी बराच उशीर केला असं माझं मत आहे. समुद्र म्हणजे एक मोठं, न बदलणारं कुरण, त्यात नदीने पिल्लं सोडायची आणि दोन-तीन वर्षांनी मोठे मासे मोजून घ्यायचे, असंच विसाव्या शतकाचा मोठा भाग धरून चाललं होतं.

मुखाबाहेर पहिल्यांदा लागतं ते नदीचंच पाणी. कोलंबियाचं गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यामुळे समुद्रावर पातळ थर होऊन दूरवर पसरतं. हा थर गढूळ असतो, त्याच्या कडांशी दोन पाणी भिडतात तिथे फेस, काडीकचरा आणि बारीक जीव जमतात. खाद्य मिळतं, तसेच ते खाद्य शोधणारे पक्षीही. वारा उत्तरेकडून असला की हा गोडा थर नैर्ऋत्येला, समुद्रात आत पसरतो; वारा दक्षिणेकडून फिरला की तोच थर वॉशिंग्टनच्या किनाऱ्याला चिकटून उत्तरेला सरकतो. म्हणजे पिल्लू नदीतून कोणत्या आठवड्यात बाहेर पडलं त्यावर त्याला मिळणारं पहिलं घर ठरतं. वर धरणांत पाणी अडवल्यामुळे वसंतातला पूर पूर्वीपेक्षा पुष्कळ लहान झाला आहे, आणि त्याबरोबर हे गोड्या पाण्याचं अंगणही.

वाऱ्याचं खरं काम मात्र दुसरंच आहे. त्या किनाऱ्यावर हिवाळ्यात दक्षिणेचे वादळी वारे वाहतात आणि वसंतात कधीतरी ते उलटून उत्तरेचे होतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे वळतं. वारा उत्तरेकडून दक्षिणेला, त्याची उजवी बाजू पश्चिम, म्हणजे पाणी किनारा सोडून बाहेर निघतं. त्याची जागा भरायला खोलातलं गार पाणी वर येतं, आणि त्याबरोबर तळाशी साठलेलं नायट्रेटसारखं खत. उन्हात हे खत मिळालं की सूक्ष्म वनस्पती-प्लवक काही दिवसांत माजतात, पाणी हिरवं होतं. आपल्याकडे पावसाळ्यात गोवा-कारवारपासून खाली केरळपर्यंत हेच घडतं, आणि तारली-बांगड्याच्या हंगामाचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे ते मोसमी वाऱ्यांच्या वेळापत्रकावर चालतं, तर ऑरेगॉनला वारा कधी उलटेल याचा भरवसा नाही. एखाद्या वर्षी मार्चमध्ये, एखाद्या वर्षी जून उजाडावा लागतो.

न्यूपोर्टच्या जाळ्यांनी दाखवलेल्या वस्त्या या हिरव्या पाण्याशी बऱ्याच जुळतात. वर्षभर नदीत राहून आलेली चिनूक आणि कोहो पिल्लं जिथे हरितद्रव्याचं प्रमाण जास्त तिथे जास्त सापडतात, आणि ऑरेगॉनपेक्षा वॉशिंग्टनसमोर अधिक. तिथला उथळ समुद्रतळ रुंद आहे, कोलंबियाचं पाणी तिकडे वळतं आणि वर आलेलं खत लगेच बाहेर वाहून जात नाही. त्यातही वाटणी आहे. चिनूकची पिल्लं किनाऱ्याजवळ, कोहो थोडी बाहेर. पहिल्याच वर्षी नदी सोडणारी लहान चिनूक पिल्लं तर अगदी उथळ पाण्याला धरून महिनोन् महिने तिथल्या तिथे घोटाळतात. स्टीलहेडचा प्रकार निराळाच. तो किनाऱ्याच्या हिरव्या पाण्याकडे पाठ फिरवून काही दिवसांतच सरळ पश्चिमेला खोल समुद्रात निघून जातो. एकच नदी, एकच महिना, एकच वारा, आणि तरी हे असं. पाण्याच्या अवस्थेवर सगळं सोपवायला निघालेल्या माणसाने इथे थांबायला हवं.

पण त्याआधी खाण्याचं बघू, कारण या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट तिथे आहे. बिल पीटरसन नावाचे समुद्रशास्त्रज्ञ 1996 पासून न्यूपोर्टहून साधारण दर पंधरवड्याला बोट बाहेर काढायचे आणि किनाऱ्यापासून पाच मैलांवर बारीक जाळं बुडवून कोपेपॉड गोळा करायचे. कोपेपॉड म्हणजे तांदळाच्या कणीएवढे किंवा त्याहूनही लहान कवचधारी प्राणी. सॅमनचं पिल्लू ते फारसे खात नाही. त्याला लागतात लहान माशांची पोरं, खेकड्यांच्या अळ्या, क्रिल. पण ही मंडळी कोपेपॉडवर वाढतात. पीटरसन यांना दिसलं, की एकाच ठिकाणच्या बाटलीत काही वर्षं एका तऱ्हेचे कोपेपॉड येतात आणि काही वर्षं दुसऱ्या. पाणी अलास्काच्या बाजूने खाली येत असेल तर उत्तरेचे, थोड्या जातींचे, पण अंगात मेणासारखी चरबी भरलेले. तिकडच्या लांब हिवाळ्यासाठी ही शिदोरी त्यांना लागते. पाणी दक्षिणेकडून किंवा खुल्या समुद्रातून येत असेल तर कितीतरी जातींचे, पण लहान आणि रोड. तिथे बारमाही थोडंथोडं खायला मिळत असल्यामुळे चरबी साठवण्याची त्यांना गरजच नसते.

त्यामुळे दोन वर्षांत कोपेपॉडची संख्या सारखी असली तरी त्यांतून वर चढणारी चरबी सारखी नसते. गरम वर्षी पिल्लू पोटभर खातं आणि तरी अंग धरत नाही. गार पाण्याच्या वर्षांनंतर कोहो वर्षभराने आणि चिनूक दोन-तीन वर्षांनी नदीत चांगल्या संख्येने परततात, हा संबंध इतका स्पष्ट निघाला की पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्राच्या डझनभराहून अधिक निर्देशकांचा लाल-पिवळा-हिरवा तक्ता मांडायला सुरुवात केली. पॅसिफिकचं तापमान, वारा उलटण्याची तारीख, कोपेपॉडच्या जाती, जूनमध्ये जाळ्यात आलेली पिल्लं, असं सगळं एका पानावर. 2008 च्या रकान्यात बहुतेक हिरवं दिसतं. पीटरसन 2017 मध्ये वारले. ती बोट अजून जाते.

आता राहिलेला पेच. पिल्लं खाण्याच्या मागे जातात, की ठरलेल्या वाटेने जातात आणि वाटेत जे मिळेल ते खातात?

कोण कुठून आलं हे कळल्याशिवाय याला उत्तर नव्हतं. त्यासाठी दोन युक्त्या कामी आल्या. 1960 च्या दशकात निघालेली पहिली युक्ती म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर लांबीची, सांकेतिक खुणा कोरलेली तार. उबवणी केंद्रात ती पिल्लाच्या नाकाच्या कूर्चेत टोचतात आणि ओळखीसाठी पाठीवरचा मागचा छोटा मांसल पर कापतात. अशी लक्षावधी पिल्लं सोडली गेली आहेत. समुद्रात धरलेल्या माशाच्या नाकातली तार काढली की त्याचं केंद्र आणि वर्ष कळतं. दुसरी युक्ती जनुकांची. पराचा तुकडा घेऊन तो कोणत्या उपनदीच्या कुळातला हे सांगता येतं. या दोन्हींवरून असं दिसतं, की कोलंबियाच्या वरच्या खोऱ्यातली वसंती चिनूक पिल्लं मुखाबाहेर पडली की उत्तरेला वळतात आणि थांबत नाहीत. त्या दिवसांत किनाऱ्याचं पाणी दक्षिणेला वाहत असतं, तरी त्याविरुद्ध पोहत ती ब्रिटिश कोलंबिया ओलांडून उन्हाळ्यातच आग्नेय अलास्कापर्यंत जातात. वर्ष गार असो वा गरम, दिशा तीच. पिल्लं कुठे सापडतील याचा अंदाज करताना पाण्याचं तापमान किंवा हरितद्रव्य यांपेक्षा नदीच्या मुखापासूनचं आणि किनाऱ्यापासूनचं अंतर अनेकदा जास्त उपयोगी पडतं, असंही संशोधकांना आढळलं.

ही दिशा त्यांना कोण सांगतं? आईबाप तर त्यांच्या जन्माआधीच मेलेले असतात. 2014 मध्ये नेथन पुटमन आणि सहकाऱ्यांनी ऑरेगॉनमधल्या एका संशोधन केंद्रात चिनूक पिल्लांना तारांच्या वेटोळ्यांमध्ये ठेवलं आणि त्यांच्याभोवती कृत्रिम चुंबकीय क्षेत्र निर्माण केलं. या पिल्लांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. चिनूकच्या सागरी टापूच्या उत्तर सीमेवर असतं तसं क्षेत्र दिल्यावर ती दक्षिणेकडे तोंड करून पोहू लागली, दक्षिण सीमेवरचं क्षेत्र दिल्यावर उत्तरेकडे. नकाशा वारशाने आलेला आहे, असं म्हणण्याशिवाय गत्यंतर उरत नाही.

मला वाटतं दोन्ही उत्तरं आपापल्या मापावर खरी आहेत. शेकडो किलोमीटरच्या मापावर जन्मजात दिशा चालते, आणि त्या पट्ट्याच्या आत, दहा-वीस किलोमीटरच्या मापावर, हिरवं पाणी आणि भक्ष्य. घोटाळा होतो तो या दोहोंची फारकत झाल्यावर. चुंबकीय क्षेत्र पिढ्यान् पिढ्या सावकाश सरकतं. पाणी मात्र एका हंगामात बदलतं. पूर्वजांना जिथे चरबीदार खाद्य मिळालं त्याच पत्त्यावर पिल्लू पोचतं आणि तिथे दुसरंच कुणी राहायला आलेलं असतं.

2014 ते 2016 या वर्षांनी ते दाखवून दिलं. 2013 च्या अखेरीस अलास्काच्या आखातात गरम पाण्याचा एक प्रचंड पट्टा तयार झाला. वॉशिंग्टनचे राज्य हवामानशास्त्रज्ञ निक बाँड यांनी त्याला ‘ब्लॉब’ म्हणजे गोळा असं नाव दिलं आणि ते चिकटलं. काही ठिकाणी पाणी नेहमीपेक्षा अडीच अंशांहून जास्त तापलं होतं. उन्हाळाभर उत्तरेच्या वाऱ्यांनी त्याला किनाऱ्यापासून दूर धरलं, पण सप्टेंबर 2014 मध्ये वारा पडताच ते न्यूपोर्टला येऊन टेकलं. बारीक जाळ्यात पूर्वी कधी न दिसलेले कोपेपॉड येऊ लागले. पुढच्या वसंतात पिल्लं नेहमीच्याच पट्ट्यात सापडली, पण ती लहान आणि बारीक होती. गरम पाण्यात शरीर चालवायलाच जास्त खर्च होतो, आणि कमाई तर आधीच घटलेली. उष्ण पाण्याबरोबर हेक आणि मॅकरेलसारखे भक्षकही वर सरकले ते वेगळंच. गोळा विरल्यावरही धक्के थांबले नाहीत. 2017 मध्ये ऑरेगॉनसमोरचा समुद्र पायरोसोम नावाच्या पारदर्शक, लिबलिबीत, नळकांड्यासारख्या उष्णजलीय प्राण्यांनी इतका भरला, की कोळ्यांना जाळी टाकता येईनात. त्याच जूनमध्ये कोहो आणि चिनूक पिल्लांच्या मोजणीने तोवरच्या वीस वर्षांतला तळ गाठला.

इथे नकाशांविषयी सावध व्हायला हवं. समुद्रात कुठे मासा सापडला याचा नकाशा हा फक्त जाण्याचा नकाशा नसतो, तो जगण्याचाही असतो. सप्टेंबरमध्ये एखाद्या पट्ट्यात पिल्लं नसली तर ती तिथे गेली नाहीत असंही असेल, किंवा गेली आणि खलास झाली असंही असेल. कॅनडाचे रिचर्ड बीमिश आणि अमेरिकेचे कॉनरॅड मानकेन यांनी 2001 मध्ये मांडलेलं सूत्र यासाठी उपयोगी आहे. समुद्रात शिरल्यावर पहिल्या काही आठवड्यांत भक्षक पुष्कळ पिल्लं टिपतात. त्यांतून वाचलेल्यांपैकी जी उन्हाळा संपेपर्यंत ठरावीक आकार गाठू शकत नाहीत ती शरद-हिवाळ्यात संपतात. याचा पुरावा पिल्लाच्या कानातल्या खड्यात असतो. त्या खड्यावर रोज एक सूक्ष्म वलय चढतं, त्यामुळे समुद्रात शिरल्याचा दिवस आणि त्यानंतरची वाढ मागाहून वाचता येते.

पहिल्या उन्हाळ्यानंतर बहुतेक जाती किनारा सोडून खोल उत्तर पॅसिफिकमध्ये जातात. तिथल्या हिवाळ्याविषयी माहिती फार तोकडी होती, कारण त्या वादळी पाण्यात जानेवारी-फेब्रुवारीत कोण बोट नेणार? 2019 च्या हिवाळ्यात बीमिश यांनी पुढाकार घेऊन ‘प्रोफेसर कागानोव्स्की’ या रशियन जहाजावर पाच देशांचे शास्त्रज्ञ अलास्काच्या आखातात नेले तेव्हा कुठे त्याची पद्धतशीर पाहणी झाली. सॉकआयच्या बाबतीत मात्र एक गोष्ट 1990 च्या दशकातच कळली होती. डेव्हिड वेल्च आणि सहकाऱ्यांनी जुन्या जपानी, कॅनेडियन आणि इतर जाळ्यांच्या नोंदी तपासून दाखवलं, की मोकळ्या समुद्रात सॉकआय तापमानाची एक रेघ ओलांडत नाहीत, आणि ही रेघ हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा बरीच खाली असते. हिवाळ्यात खाणं कमी, म्हणून ऊर्जा जपायला गारच पाणी हवं. समुद्र तापत गेला तर ही रेघ उत्तरेला सरकत जाऊन सॉकआयला पॅसिफिकमध्ये जागाच उरणार नाही, बेरिंग समुद्रात जावं लागेल, असा इशारा त्यांनी तेव्हाच दिला होता.

गरम पाणी सगळीकडे वाईटच, असं मात्र नाही. अलास्कातल्या सॅमनच्या चढउतारांचा अभ्यास करताना स्टीव्हन हेअर यांच्या लक्षात आलं, की 1977 च्या सुमारास उत्तर पॅसिफिकची ठेवणच पालटली होती. त्यानंतर अलास्कात सॅमन वाढले आणि वॉशिंग्टन-ऑरेगॉनमध्ये घटले. या दशकांच्या चालीला त्यांनी 1996 मध्ये ‘पॅसिफिक डिकेडल ऑसिलेशन’ हे नाव दिलं. हवामानशास्त्रातली ही आज सर्वत्र वापरली जाणारी संज्ञा माशांच्या वहीतून आली आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. अलीकडचं उदाहरण आणखी बोलकं आहे. बेरिंग समुद्राच्या काठच्या ब्रिस्टल बे या अलास्कातल्या उपसागरात 2022 मध्ये सुमारे 7 कोटी 90 लाख सॉकआय परतले, हा विक्रम होता. त्याच बेरिंग समुद्राला मिळणाऱ्या युकॉन नदीतल्या चम आणि चिनूकची अवस्था त्याच काळात इतकी खालावली, की 2024 मध्ये अलास्का आणि कॅनडाने युकॉनची चिनूक मासेमारी सात वर्षं थांबवायचं ठरवलं. एकाच समुद्राच्या दोन कोपऱ्यांत वेगवेगळ्या जातींच्या पिल्लांना मिळालेलं पाणी आणि ताट वेगळं होतं.

समुद्राला आपण काही सांगू शकत नाही. माणसाच्या हातात उरते ती नदीकडची बाजू, आणि तिथे कॅलिफोर्नियाचा धडा महाग पडला. 2005 मध्ये तिथे उत्तरेचा वारा आठवडेच्या आठवडे लांबला. मे-जूनमध्ये सॅक्रामेंटो नदीची पिल्लं समुद्रात शिरली तेव्हा पाणी कोमट आणि रिकामं होतं. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फॅरालॉन बेटांवर क्रिल खाणाऱ्या कॅसिन्स ऑकलेट या पक्ष्यांनी घरटी सोडून दिली होती. सॅक्रामेंटोत 2002 मध्ये साडेसात लाखांहून जास्त परतलेले, शरदात नदी चढणारे चिनूक 2008 मध्ये सुमारे 66 हजारांवर आले. 2008 आणि 2009 मध्ये कॅलिफोर्नियात समुद्रातली सॅमन मासेमारी जवळपास पूर्ण बंद राहिली. चौकशी करणाऱ्या शास्त्रज्ञांनी तात्कालिक कारण म्हणून समुद्राकडे बोट दाखवलं, पण तिथेच थांबले नाहीत. उबवणी केंद्रांमुळे सॅक्रामेंटोचे मासे एकसारखे झाले होते. ठरावीक आकाराची पिल्लं ठरावीक दिवसांत सोडायची, पुष्कळदा ट्रकमध्ये भरून थेट सॅन फ्रान्सिस्को उपसागरात न्यायची, ही सोयीची पद्धत. जुन्या काळी त्याच खोऱ्यातली वेगवेगळी कुळं महिनोन् महिने थोडीथोडी समुद्रात उतरत. वारा मार्चमध्ये उलटो वा जुलैमध्ये, कुणाची तरी वेळ साधत असे. ब्रिस्टल बेच्या सॉकआयमध्ये ही विविधता अजून शाबूत आहे. तिथली शेकडो कुळं वेगवेगळ्या तळ्यांत आणि ओढ्यांत वाढतात, वेगवेगळ्या वयाची होऊन समुद्रात जातात. सॅक्रामेंटोत ती गमावलेली आहे. 2023 आणि 2024 मध्ये कॅलिफोर्नियाची सॅमन मासेमारी पुन्हा बंद ठेवावी लागली. त्या खेपेला मुख्य ठपका नदीतल्या दुष्काळावर आणि तापलेल्या पाण्यावर होता, पण पिल्लं सोडण्याच्या तारखा पसरून ठेवाव्यात का, किती पसरून ठेवाव्यात, ट्रक बंद करावेत का, ही चर्चा केंद्रांच्या बैठकांत चालू आहे.